इंजिन नावाचं रेडकू

रुआबांधा, भिलाई
१४ जानेवारी २०२४

भूमिका,

नावाच्या आधी 'चि.' लिहू की नको, यातच बराच वेळ गेला. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

या महिन्यात मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळेस कौस्तुभरावांनी उचलला. "आई, ती जरा कामात आहे," म्हणाले. जावई चांगले आहेत. खोटं बोलताना त्यांचा आवाज बारीक होते. त्यांले आणखी किती खोटं बोलाले लावायचं, म्हणून हे पत्र. दहावीच्या पेपरानंतर एवढं काही लिहिलं नाही, तेव्हा चुका झाल्या तर सांभाळून घे.

तुझ्या बाबांले जाऊन तीन वर्षं झाली. म्हणजे आपलं बोलणं बंद होऊनही तीन वर्षं झाली. तेरवीच्या दिवशी तुमसरकडची सगळी मंडळी पंगतीत बसली होती. मी तुझ्या पानात खीर वाढाले आली अन् तू सगळ्यांसमोर म्हटलं, "मले नको. या घरात दूध कसं काढतात ते मले मालूम आहे." मी तुले थापड मारली. एकतीस वर्षांच्या, लग्न झालेल्या पोरीले. तू बॅग उचलली अन् गेली, ती गेलीच.

थापड मारली ती चूक झाली. हे आधीच लिहून टाकते.

पण एक सांगू का? तू सहावीत होती तेव्हा कोठ्यात एक रेडकू मेलं. बाबा प्लांटात लोको चालवत होते, म्हणून तू त्याचं नाव इंजिन ठेवलं होतं. नाकातून फुर्र फुर्र करते म्हणायची. ती गोष्ट तू बावीस वर्षं धरून ठेवावी, हे मले काही पटत नाही. त्याले हगवण लागली होती. लहान जनावराले लागते. त्यात कोणाचा दोष नसते. तेव्हा मी रागात तुले काही बोलली असेल, तर ते सोडून दे.

बाकी इकडचं ठीक आहे. डावा खांदा वर जात नाही. चार म्हशींतली आता एकच राहिली, कवडी. भुरीची नात ती. भुरी, इंजिनची माय, तुले आठवतच असेल. कवडी गाभण आहे, पुढच्या महिन्यात वितेल. कमलेश आता वेगळा राहते, पण गाडी इथंच लावते. म्हणते, "आई, वितली की दुधासकट विकून टाक, कोठ्याच्या जागेवर मी गाडीचं शेड टाकतो." माझं मन होत नाही. तिच्याशिवाय सकाळी उठून करू काय?

उत्तर नाही दिलं तरी चालेल.

आई


१९ फेब्रुवारी २०२४

भूमिका,

कवडी वितली. बुधवारी सकाळी, देवानंद यायच्या आधी. सगळं मी एकटीनं केलं, एका खांद्यानं. देवानंद म्हणजे दूध काढाले येते तो, बालाघाटकडचा. तू गेल्यानंतर लागला, तुले माहीत नसेल.

हल्या झाला.

देवानंदनं शेपूट वर करून पाह्यलं अन् त्याचं तोंड उतरलं. मग बादली घेऊन बसला, रेडकाले दोन घोट चोखू दिलं, कवडीनं पान्हा सोडला, तसं त्यानं त्याले ओढून बाजूले बांधलं. मी म्हटलं, "अरे, त्याचं पोट कुठं भरलं?"

"काकू, हल्या आहे. याले पाजून का करता? म्हस पान्हावली, आपलं काम झालं. पंधरा-वीस दिवस असंच चालू द्या, मंग आपोआप..."

"आपोआप काय?"

त्यानं माझ्याकडे पाह्यलं. मी थट्टा करून राहिली असं त्याले वाटलं असेल. "तुमाले का मालूम नाई?" म्हणाला.

मले मालूम आहे, भूमिका. म्हणून तर हे पत्र लिहाले बसली. वगार झाली की आपण तिले पाजतो, ढेप चारतो, उद्या ती दूध देईल म्हणून. हल्या झाला की त्याच्या तोंडाले मुसकं बांधतो, तांदळाची पेज देतो, अन् मग म्हणतो, काय करता, वाचला नाही. माझ्या कोठ्यात एकतीस वर्षांत एकही हल्या मोठा झाला नाही. एकही. ही गोष्ट मी आजपर्यंत अशी सरळ कधी म्हटली नव्हती. आता कागदावर पाहून राहिली तर अंगावर येते.

हे मी एकटीच करत नव्हती, सगळे करतात, असं लिहिणार होती. पण तू म्हणशील, सगळ्यांचं मी विचारलंच नाही.

इंजिन मेलं त्या वर्षी बाबा काविळीनं चार महिने घरी होते, तेही लिहिणार होती. भुरीच्या दुधावर आपण चौघं जगलो. हे खरंच आहे.

एक गोष्ट तुले कोणी सांगितली नसेल. बाबा मरेपर्यंत कोरा चहा पीत, अॅसिडिटी आहे म्हणून सांगत. त्यांले अॅसिडिटी कधीच नव्हती. तुझ्या इंजिनच्या कातड्यात तनस त्यांनी भरलं होतं, याच अंगणात बसून, अन् ते पेंढ्याचं रेडकू भुरीपुढं त्यांनीच उभं केलं होतं. भुरीनं त्याले चाटलं अन् पान्हा सोडला. त्या दिवसापासून त्यांनी दूध तोंडाले लावलं नाही. मले म्हणाले, "नलू, ती चाटत होती गं." बस, एवढंच. मीही पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर कोठा बंद करावा लागला असता.

तर आता मी देवानंदले सांगितलं आहे, दोन थानं रेडकाची, दोन आपली. तो हसला. दूध कमी झालं तशी दोन गिऱ्हाईकं तुटली. हुडको कॉलनीतले शामसुंदरजी राहिले, ते म्हणाले, "बाई, जेवढं निघेल तेवढं द्या." कमलेश मात्र चिडून आहे. "आई, आप बुढ़ापे में साधू बनून राहिल्या का?" म्हणते.

अर्ध्या पोटानं का होईना, रेडकू उड्या मारते. मी त्याचं नाव ठेवलं नाही. जवळही फारशी जात नाही. मायेत पडायचं वय नाही राहिलं माझं.

आई


११ मार्च २०२४

भूमिका,

आज जे लिहिते ते वाचून तू माझ्यावर हसशील नाहीतर आणखी चिडशील. दोन्ही चालेल.

शुक्रवारी मी पद्मनाभपुरात होती. माझी भाची हर्षा, तिच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. तीन वाजता घरी आली तर कवडी फाटकाकडे तोंड करून हंबरून राहिली होती. असं हंबरणं मी हजारदा ऐकलं आहे, त्याचा अर्थ मले विचाराले लागत नाही. आत जाऊन पाह्यलं, खुंट्याले नुसतं दावं.

कमलेश ओट्यावर बसला होता. मले पाहून उठला. "आई, एक व्यापारी आला होता. पड़वा था, आई. क्या करती उसका? आज ना उद्या..."

"मले विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हटलं असतं का?"

"नाही."

"म्हणून."

मी त्याले रागावली नाही. खरं सांगते, मले रागवता आलं नाही. तू अकरा वर्षांची होती तेव्हा तो चौदाचा होता. बाबा कातड्यात भरत होते तेव्हा तनसाच्या पेंढ्या त्यानंच आणून दिल्या होत्या. मीच पाठवलं होतं. तो जे करते ते माझ्याच हाताखाली शिकला.

देवानंद म्हणाला, हे व्यापारी शनिवारचा बाजार धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याले घेऊन ऑटोनं बालोदच्या रस्त्यावरच्या बाजारात गेली. तिथं बाभळीखाली दोर बांधून रेडकं उभी केली होती. तीस तरी असतील. कोणाच्या तोंडाले फेस, कोणी बसकण मारलेलं. सगळी हल्ये. एकाच गळ्यातून निघावं तसं सगळी ओरडून राहिली होती.

व्यापारी भला माणूस निघाला. मी सगळं सांगितलं तर म्हणाला, "अम्मा, कौन सा है आपका? बता दो, ले जाओ."

मी दोराजवळ गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. परत आली. भूमिका, मले ओळखू येईना.

चोवीस दिवस ते माझ्या कोठ्यात होतं. रोज दोनदा मी तिथं उभी राहत होती. पण मी कासेकडे पाहत होती, बादलीकडे पाहत होती. त्याच्या तोंडाकडे नीट पाह्यलंच नव्हतं. देवानंदले विचारलं, तर तो म्हणाला, "काकू, मी तर थानच पायतो." तीस काळी रेडकं, अन् एकतीस वर्षं म्हशी पाळलेली बाई त्यांच्यात उभी, अन् तिले आपलं सांगता येईना. व्यापारी वाट पाहून पाहून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे गेला.

तू इंजिनले ओळखलं असतं. तू तर म्हणायची, त्याच्या उजव्या कानाची कड दुमडली आहे, अन् तो रागावला की डावा पाय आपटते. मी म्हणायची, चल, काहीतरीच.

तेवढ्यात एक रेडकू पुढं आलं अन् माझ्या पदराचं टोक चोखाले लागलं. मले वाटलं, हाच. माझ्या पदराले कवडीचा वास असणार. मी रडली. देवानंदनं त्याले ऑटोत घेतलं, पूर्ण रस्ता मांडीवर धरून बसला.

घरी आणून कवडीपुढं सोडलं. तिनं मान खाली घातली, हुंगलं, अन् शिंगानं ढकलून दिलं. परत हुंगलं, परत ढकललं. मग फाटकाकडे तोंड केलं अन् हंबराले लागली.

तो आपला नव्हता.

संध्याकाळी देवानंद एकटा परत जाऊन आला. बाजार उठला होता, गाड्या भरून गेल्या होत्या. पुढं कुठं जातात ते तिथं कोणी विचारत नाही, सांगतही नाही.

तर आपला गेला. अन् कोणाचा तरी दुसरा माझ्या कोठ्यात उभा आहे, पदर चोखते.

आई


१६ मार्च २०२४

भूमिका,

तुझं उत्तर नाही. न येऊ दे. आज मी उत्तरासाठी लिहीत नाही.

आलेलं रेडकू उपाशी मरेल म्हणून देवानंदनं एक उपाय सांगितला. कवडीचं दूध काढून त्याच्या डोक्याले, पाठीले चोळायचं, वरून मीठ-गुळाचं पाणी लावायचं. म्हस मिठासाठी चाटते, अन् चाटता चाटता आपलं मानते. मी भांडं हातात घेऊन किती वेळ उभी राहिली. तिले एकदा फसवलं, तिच्या आजीले फसवलं, आता पुन्हा? देवानंद म्हणाला, "काकू, हे रेडकू जित्तं आहे ना. मेलेलं तर नाई?" मग लावलं. पहिल्या दिवशी तिनं लाथ मारली. तिसऱ्या दिवशी पाठ चाटली. काल तिनं त्याले थानाशी येऊ दिलं, पण अजूनही मधूनच थांबते अन् फाटकाकडे पाहते. तिले सगळं कळते असं मले वाटते. कळूनही पाजते.

ते पाहत असताना मले समजलं, की मी तुले तीन पत्रं लिहिली अन् खरी गोष्ट तिन्हीतून सुटली. सुटली नाही, मी सोडली.

तू शाळेतून आली की आपल्या वाट्याच्या दुधाचा गिलास घेऊन कोठ्यामागं जायची. इंजिनचं मुसकं सोडून त्याले पाजायची, मग मुसकं परत बांधून रिकामा गिलास घेऊन यायची, ओठाले मुद्दाम साय लावून. मले चार दिवस कळलंच नाही. पाचव्या दिवशी मी पाह्यलं. गिलास हिसकून फेकला अन् तुले मारलं. त्याच्या आठवड्याभरानं तो मेला. तू त्याच्याजवळ बसून विचारत होती, "आई, हा कशानं मेला? कोणी मारला?"

अन् मी म्हटलं, "तू. तुझ्या दुधानं त्याले हगवण लागली. मी सांगत होती ना, नको पाजू? तू मारला त्याले."

भूमिका, त्याले हगवण लागलीच नव्हती. तो उपाशी मेला. मी मारला. तुझं ते चार गिलास दूध होतं म्हणून तो तेवढे दिवस तरी जगला. त्याच्या आयुष्यात पोटभर मिळालं असेल तर ते तुझ्याच हातून. हे मले त्याच दिवशी माहीत होतं. बोलताना माहीत होतं.

तुझ्या लग्नात जावयांले घास भरवायची वेळ आली तर तू हात मागं घेतला. सगळ्या बायका हसल्या. मले राग आला, शहरात राहून पोरगी नखरे शिकली म्हणून. आज वाटते, तुले भीती वाटली असेल. आपल्या हातून कोणाले काही द्यायची. मी चुकत असेल तर बरंच आहे.

मी माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही याचं ओझं परत तुझ्यावरच. तुले फक्त खरं मिळावं.

आई


२९ एप्रिल २०२४

भूमिका,

तू बडोद्याले पोचल्याचा जावयांचा मेसेज आला, त्याले दोन आठवडे झाले. तू जे दोन दिवस आली त्याबद्दल समोरासमोर मी काहीच बोलली नाही. मले कागदावरच जमते.

तू हर्षाकडे पद्मनाभपुरात उतरली, आपल्या घरी झोपली नाही. बरोबर केलं. पहिल्या दिवशी तू फाटकातून आली अन् घरात न येता सरळ कोठ्यात गेली. मी चहा टाकत होती, कोरा. कप घेऊन आली तर तू उलट्या बादलीवर बसली होती, रेडकापासून चार हात लांब, हात मांडीखाली दाबून.

तू म्हटलं, "आई, मी तेव्हा अकरा वर्षांची होती."

"हो."

"गणिताच्या वहीच्या मागं मी लिहिलं होतं. 'मी इंजिनले मारलं.' शंभर वेळा. चूक झाली की शाळेत लिहाले लावतात ना, तसं."

मी कप खाली ठेवला.

"कौस्तुभ आजारी पडला तर मी औषध टेबलावर ठेवते अन् बाहेर जाऊन उभी राहते. त्याले वाटते मी दगड आहे. वो पूछता है तो क्या बोलूँ? रेडकू मेलं होतं म्हणू?" मग तू विचारलं, "कावून सांगितलं तू तसं? गप्प बसली असती तरी चाललं असतं."

तेव्हा मी 'माहीत नाही' म्हटलं. ते खरं नव्हतं. तू रडत विचारलं, 'कोणी मारला,' तेव्हा तिथं दोघीच होतो. तू अन् मी. मले त्या प्रश्नाखाली उभं राहता येईना, म्हणून तुले उभं केलं. आईनं लेकराच्या पुढं उभं राहायचं असते. मी तुझ्या मागं लपली. एवढंच त्याचं कारण आहे, याच्यापेक्षा मोठं काही नाही.

तू म्हटलं, "माफ-बिफ मले अजून जमणार नाही." मी म्हटलं, "नको करू." कवडी मधेच मुतली अन् तुझ्या चपलेवर शिंतोडे उडाले, तेव्हा तू जरा हसली. मी ते पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी कमलेश आला. तुम्ही दोघं कोठ्याबाहेर किती वेळ बोलत होते, मी मधे आली नाही. तो रडला हे मले त्याच्या डोळ्यांवरून कळलं. जाताना म्हणाला, "आई, शेड कैंसल. गाडी बाहेर उभी राहील." मी त्याले भाकरी बांधून दिली.

तू विचारलं होतं, "आपला कुठं गेला असेल?" ते तुलेही माहीत आहे अन् मलेही. त्याले मी परत आणू शकत नाही, अन् याले वाचवलं म्हणून त्याचं काही कमी होत नाही. बाजारात आणखी एकोणतीस उभे होते, तेही मी विसरली नाही. आपण पूर्ण कधीच सुटत नाही, असं आता वाटते. पण म्हणून एकाचंही दावं सोडू नये, असंही नाही.

अन् तू विचारलं, "हा मोठा झाला की काय करणार?" त्याचं आता लिहिते. कवडीले यापुढं गाभण करणार नाही. तिनं पाच वेळा दिलं, पुष्कळ झालं. तिचं दूध आटेल तेव्हा आटेल. शामसुंदरजींले सांगितलं, दुसरीकडे लावून घ्या. ते म्हणाले, "बाई, म्हस काय नुसती उभी ठेवणार?" मी म्हटलं, "हो. मीही आता नुसतीच उभी आहे, मले कोणी बाजारात नेलं का?" हसले बिचारे. हल्याचं म्हणशील तर देवानंदच्या गावाकडे अजून धानाच्या बांधीत नांगराले हल्ये जुंपतात. पण जुंपणं म्हणजे काय ते मी लहानपणी पाह्यलं आहे, त्याचा खांदा सोलून निघते. तेव्हा जोवर मी आहे, तोवर तो इथंच राहील. माझ्या मागं काय, ते कमलेशशी बोलली. तो 'पाहू' म्हणाला. त्यानं 'हो' म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आता रोज सकाळी मी त्याच्या तोंडाकडे पाहते. कपाळावर भोवरा आहे, जरा डावीकडे. वरच्या ओठावर एक गुलाबी ठिपका. शंभरात उभा केला तरी ओळखेन.

तू दोन रविवार फोन केला. दोन्ही वेळेस आधी रेडकाचं विचारलं, मग कवडीचं, मग खांद्याचं. मले वाईट नाही वाटलं, रांग बरोबर आहे. काल मात्र फोन ठेवता ठेवता तू एकदम विचारलं, "आई, तू जेवली का?"

मी म्हटलं, "हो, केव्हाच."

भूमिका, मी जेवली नव्हती. तीन वाजले होते, वरण-भात झाकून ठेवला होता, एकटीसाठी ताट घ्यायचा कंटाळा आला होता. सवयीनं खोटं तोंडातून निघून गेलं. तुझ्याशी आता लहानही खोटं बोलायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हे लिहून कळवते.

फोन ठेवल्यावर उठली, भात गरम केला, अन् दोनदा घेऊन जेवली.

आई